रहिमतपूर ते रहिमतपूर

बैलांच्या सणाला, बेंदराला, तीन आठवडे असताना, एका सोमवारी सकाळी, दस्तगीरचाचांनी रहिमतपूरहून रहिमतपूरला तीन पार्सले पाठवली. पाठवणारे तेच होते आणि मागवणारेही तेच. प्रत्येक पार्सलात बैलाच्या शिंगांना बांधायच्या लाल गोंड्यांची एक जोडी होती.

चाचा बैलांचा साज करत. गोंडे, तोंडाला बांधायच्या म्होरक्या, झुली, सगळे हाताने. बाजारपेठेतल्या त्यांच्या दुकानाचे दार रुंद होते, शिंगे अडकू नयेत म्हणून. गिऱ्हाईकाने भाव विचारला की उत्तर ठरलेले असे, "आधी बैल दाखव." बैल आला की ते मालकाशी बोलत नसत. बैलाच्या कपाळावर हात ठेवून त्यालाच विचारत, "काय रं, लाल का पिवळा?" एका शेतकऱ्याने पिवळ्या म्होरकीचा हट्ट धरला तेव्हा ते म्हणाले, "तुला सोताला घालायची आसंल तर पिवळी देतो. ह्येला लालच."

ट्रॅक्टर वाढले, दारात येणारे बैल कमी झाले. चाचांची मुलगी शबाना सांगलीला शिक्षिका आहे. ती आईवडिलांना न्यायला आली. "अब्बा, ऑनलाइन विका, न्हाई तर दुकान बंद करून सांगलीला चला," असे म्हणून तिने मोबाइलवर तीन बाजार दाखवले.

चाचा म्हणाले, "चालवून बघितल्याबिगर आमी बैल घेत न्हाई. ह्यो तर अख्खा बाजार हाय."

ठरले ते असे. तिन्ही बाजारांतून एकेक पार्सल स्वतःलाच पाठवायचे. तिन्ही हातात आली की त्यांतला एक बाजार निवडायचा. एकही पसंत पडला नाही, तर दुकानाला कुलूप. तोवर दुकान उघडे. रजियाचाची त्या वेळी भाकरी थापत होत्या. थापता थापता त्यांनी सगळे ऐकले.

फॉर्म मी भरले, कारण माझे घर शेजारी होते आणि फोन नंबरही माझाच दिला होता. पहिल्या बाजारात बैल हा प्राणी नव्हता. कुत्रा आणि मांजर होते. "मोठं कुत्रं लिव्ह," चाचा म्हणाले. दुसऱ्या बाजाराला वस्तू घातलेल्या माणसाचा फोटो हवा होता. चाचा दोन्ही कानांवर गोंडे धरून उभे राहिले. फोटो मंजूर झाला. तिसरा बाजार फक्त हातच्या वस्तूंचा होता. त्याने विचारले होते, या वस्तूमागची कथा सांगा.

"लिव्ह, कथा न्हाई. बैलाचा गोंडा हाय."

कमिशन ठरवायला त्यांनी तिसऱ्या बाजाराला फोन लावायला सांगितले. बैलबाजारात सौदा उघड होत नाही. दलाल आणि मालक टॉवेलाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवतात. पलीकडून मुलगी बोलू लागताच चाचांनी माझा फोन टॉवेलाखाली घेतला आणि त्याच्यावर चार बोटे दाबली.

"सर, तुमचा आवाज येत नाहीये."

"आवाज कशाला पायजे, बाई? चार बोटं धरल्यात की."

पहिले पार्सल पाचव्या दिवशी आले. आत गोंडे नव्हते, कुत्र्याचा पट्टा होता. चाचांनी तो उलटून पाहिला. "शिवण बरी हाय. पर ह्यो बाजार न्हाई." दुसरे नवव्या दिवशी आले. खोक्यावर ट्रकचे चाक गेलेले असावे. चाचांनी चपटे गोंडे वाफेवर धरले, झटकले आणि तोही बाजार नापास केला.

तिसरे बेंदरापर्यंत आले नाही. माझ्या फोनवर रोज सकाळी संदेश येई, पार्सल आज पोहोचेल. चाचा तो मला शबानाला फोनवर वाचून दाखवायला लावत. ती विचारे, "आणि न्हाई आलं तर?"

"लांब चालतोय. दमाचा बैल दिसतोय."

दुकान उघडे राहिले. दीड-दोन महिन्यांनी, दुसरीकडच्या पोळ्याच्या सुमाराला, ते तिसरे पार्सल घेऊन एक माणूस दारात उभा राहिला. त्याने वरची पाटी वाचली आणि खोके पुढे केले. चाचांनी हात मागे घेतले.

"परत ने."

"चाचा, तुमचंच नाव हाय."

"नाव माझं हाय. माल नकोय."

"मग पाठवणाऱ्याला परत जाईल."

"जाऊ दे की."

"आवं, पाठवणारं बी तुमीच हाय."

"मग त्येला सांगू नगंस."

माणसाने फोनवर काहीतरी दाबले आणि खोके घेऊन गेला. ते भिवंडीच्या गोदामात गेले आणि महिन्याभराने परत आले, या वेळी पाठवणाऱ्याकडे. चाचांनी तेही नाकारले. त्यानंतर ते किती वेळा आले याची नोंद मी ठेवलेली नाही. माणूस तोच असे. चौथ्या खेपेपासून तो चहा घेऊन जात असे.

गेल्या उन्हाळ्यात दस्तगीरचाचा झोपेतच गेले. चाळिसावा झाल्यावर शबाना नवे कुलूप घेऊन दुकानात आली. रजियाचाची आत बसून लाल लोकर पिंजत होत्या.

"अम्मी, आता उठा. गाडी आणलीया."

"तुझं आनि अब्बाचं काय ठरलं हुतं?"

"काय?"

"तिसरं पार्सल यायचंय."

शबाना कुलूप पिशवीत ठेवून सांगलीला परत गेली. त्याच आठवड्यात तो माणूस खोके घेऊन आला आणि त्याने चाचांना हाक मारली.

"त्ये न्हाईत," चाची म्हणाल्या. "परत न्या. चहा घेणार का?"

यंदाच्या बेंदराला दुकान उघडे होते. काल सकाळी अकरा वाजता पार्सल भिवंडीच्या गोदामात होते.