पंखा फिरतोय की!

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. त्यांच्या जुन्या गाडीत दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा बाईंच्या. त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून ठेवून बाईंचा स्वभावच तसा होऊन बसला होता. समोरचा कितीही गोड बोलला तरी हा ऐनवेळी चुकीचं पेडल दाबणार, हे त्या धरूनच चालत. दूधवाल्यावर संशय, शेजारणीवर संशय, हवामानाच्या बातम्यांवर तर काडीचा विश्वास नाही. नवरा आजारपणात 'बरं वाटतंय' म्हणाला होता, तेही त्यांनी खरं मानलं नव्हतं, आणि दुर्दैवाने तेवढ्यापुरत्या त्या बरोबर निघाल्या होत्या.

आता हा संशय नात्यात शिरला होता. सख्ख्या बहिणीचा मुलगा गॅरेज चालवायचा. गाडी उभ्या उभ्या तापते म्हणून बाईंनी ती त्याच्याकडे नेली. त्याने इंजिनाच्या पंख्याची मोटर बदलून दिली, आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापायला लागली. वर हा म्हणतो, "मावशी, म्हातारी झाली ती. विकून टाक आता, मी गिऱ्हाईक बघतो."

गिऱ्हाईक बघतो! बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी तडक बहिणीला फोन लावला. "तुझं पोरगं माझी गाडी मुद्दाम बिघडवतंय. मी कंटाळून विकावी म्हणून!"

बहिणीने फोन ठेवला तो ठेवलाच. दोघींचा सकाळचा चहा फोनवर एकमेकींच्या साक्षीने व्हायचा. आता बाई एकट्याच फुंकर घालत बसायच्या आणि मनाशी म्हणायच्या, पुरावा मिळू दे, मग बघते.

पुरावा मिळाला तो टेलरमास्तरांमुळे. उतारवयात गाडी शिकायची हौस आलेला हा माणूस मैदानात रिव्हर्स घेत होता, आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला. बाईंनी गाडी थांबवली आणि इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं. रेडिएटरचं पाणी सकाळी गाडी गार असतानाच बघितलेलं, ते पुरेसं होतं. फ्यूज शाबूत होता. पंखा तर गरगर फिरत होता. पण एक गोष्ट बाईंना डाचत होती. धावत्या गाडीत काटा गप्प असायचा, गाडी उभी राहिली की चढायचा, आणि पंखा सुरू झाला की उतरायचा सोडून आणखीच चढायचा.

"पंखा फिरतोय की, बाई," गाडीच्या नाकासमोर उभे असलेले मास्तर म्हणाले.

"माझा भाचाही हेच म्हणतो. त्यानेच पाठवलंय का तुम्हाला?"

"मला बायको सोडून कुणी कुठं पाठवत नाही," मास्तर म्हणाले आणि एक पाऊल मागे सरले. "पण इथं केवढी झळ लागतेय हो! पँट शिजायची माझी."

बाईंनी कान टवकारले. पंखा असतो रेडिएटरच्या मागे, त्याने बाहेरची हवा आत ओढायची. मग पुढून झळ कशी येईल? मास्तरांच्या शर्टाला नेहमीसारखे दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. त्यातला एक बाईंनी उचलला आणि पुढच्या जाळीसमोर धरला. दोरा जाळीला चिकटायला हवा होता. तो आडवा झाला तो मास्तरांच्या पोटाच्या दिशेने.

"उलटा फिरतोय मेला! इंजिनाचीच ऊन हवा रेडिएटरवर फुंकतोय."

"चुकून झालं असेल."

"तुम्ही चुकून बाही उलटी लावता का?"

मास्तरांनी स्वतःच्या बाहीकडे बघितलं. "एकदा लावलीय. नवऱ्यामुलाच्या कोटाला."

इंजिन निवल्यावर बाई मास्तरांना साक्षीदार म्हणून घेऊन थेट गॅरेजात गेल्या. भाच्याला दुसऱ्या गाडीखालून बाहेर बोलावून त्यांनी आपली गाडी तापवली आणि दोऱ्याचा खेळ करून दाखवला. त्याचं तोंड उतरलं. त्याने इंजिन बंद केलं, वायरींवरची टेप सोडली.

"मोटरचा प्लग वितळला होता, म्हणून वायरी कापून हाताने जोडल्या. ह्या बघ, दोन्ही वायरी काळ्याठिक्कर. अंदाजाने लावल्या, त्या उलट्या लागल्या."

"हवा कुठं जाते ते बघितलं नाहीस?"

"फिरतोय तेवढं बघितलं."

"की गिऱ्हाईक खोळंबलं होतं?"

"मावशी, मुद्दाम करायचं असतं तर पंखा फिरूच दिला नसता!"

हे बाईंना पटलं, आणि पटलं म्हणूनच त्या जास्त सावध झाल्या. "जुनी मोटर दाखव. ती खराब होती कशावरून?"

भाचा आत गेला आणि फडताळातून कागदात गुंडाळलेली मोटर घेऊन आला. "ठेवलीय. तू मागणार हे माहीत होतं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं. त्यांनी मोटरचा दांडा दोन बोटांनी फिरवून बघितला, मग अख्ख्या पंजाने. तो तसूभर हलला नाही. नाकाशी धरली तर जळका वास. खरोखर मेलेली होती.

"आणि ते गिऱ्हाईक?"

"परवा उतरताना दार धरून किती वेळ उभी होतीस. गुडघे दुखतात ते आम्हाला दिसत नाही का? आईनेच सांगितलं होतं, काढून टाक म्हणावं गाडी."

बाईंनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. भाच्याने वायरी अदलाबदल करून जोडल्या, टेप मात्र बाईंनी स्वतः गुंडाळली. गाडी उभी ठेवून सुरू केली. काटा चढला, पंखा लागला. मास्तरांनी शर्टावरचा नवा दोरा काढून धरला, तो जाळीला चिकटून बसला. काटा थबकला आणि हळूहळू खाली आला. मास्तर उगाच टाळ्या वाजवायला लागले.

बाईंनी बहिणीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच.

"तुझा नंबर बघून नाही उचलणार ती," भाचा म्हणाला.

"मग तुझा फोन दे."

भाच्याने खिशावर हात ठेवला. "आधी सांग, काय बोलणारेस?"

आपल्याकडे असं रोखून बघणारं माणूस बाईंना नवीन होतं. "सांगते, की तुझा मुलगा वेंधळा आहे, पण लबाड नाही."

भाच्याने थोडा विचार केला. मग हात पुसून फोन पुढे केला.

"वेंधळा नको म्हणूस," तो म्हणाला. "तेवढं गाळ."