पाटल्यांवरून लावलेले फोटो

बहिणीचं लग्न झालं आणि चार दिवसांत कॅमेऱ्याचं कार्ड कोरं दिसायला लागलं. विहारातलं साधं लग्न. फोटोवाला सांगायचा नाही, असं मीच ठणकावून सांगितलेलं. घरातले सगळे फोटो इतकी वर्षं मीच काढत आलोय. आता लातूरला सासरी गेलेली बहीण रोज फोनवर शंख करत होती. स्टेशनजवळच्या दुकानदाराने सांगितलं, या कार्डावर नवं काही काढू नका, जुने फोटो आत शाबूत असतील, घरीच काँप्युटरला लावून परत मिळवता येतात.

रविवारी दुपारी मी लॅपटॉप मांडून बसलो. आई उमरीहून नांदेडला माझ्याकडे राहायला आली होती. ती पलंगावर पडून होती. दुपारी पडणारी बाई नव्हे ती, पण उन्हाळा म्हणून मी काही विचारलं नाही.

फोटो यायला लागले. मागितले होते लग्नाचे, आले मात्र त्या कार्डावर कधीकाळी काढून पुसलेले सगळे. तारखा गेलेल्या, क्रम गेलेला. नवरानवरी हार घालतायत, लगेच कुठल्या तरी साली जयंतीची मिरवणूक, मग मामाचं देगलूरचं नवं घर. मला पसारा खपत नाही. चडफडत लावायला बसलो.

साडीवरून ओळखावं, तर आई दर कार्यक्रमाला तीच पांढरी साडी नेसलेली. मग तिच्या पाटल्या दिसल्या. वडिलांनी नोकरी लागल्यावर केलेल्या. एका फोटोत त्या मनगटात रुतून बसल्या होत्या. काढायला साबण लागायचा, ते दिवस. दुसऱ्यात जरा सैल. तिसऱ्यात मनगट सोडून वर सरकलेल्या. पाटल्या जितक्या वर तितका फोटो अलीकडचा, असा हिशेब बसला आणि काम भराभर व्हायला लागलं. मी स्वतःवरच खूश होतो.

लग्नाच्या फोटोंपर्यंत आलो. वधूवरांवर फुलं टाकायला आईने हात वर केलाय आणि पाटल्या पार कोपराजवळ गेल्यात. मी सगळे फोटो पहिल्यापासून पुन्हा पाहिले. गळ्याची हाडं, गाल, खोल खोल जाणारे डोळे. रोज बघणाऱ्याला कळत नाही म्हणतात, पण मी तर दर कार्यक्रमाला कॅमेऱ्यातून निरखून, नेम धरून बघत होतो.

वळून पलंगाकडे पाहिलं. पाटल्या मनगटावर, जागच्या जागी. क्षणभर बरं वाटलं. जवळ गेलो तेव्हा दिसलं, पाटल्यांना आतल्या बाजूने दोरा गुंडाळलेला होता, सैल अंगठीला गुंडाळतात तसा. जाड थर होता आणि अगदी नीट बसवलेला होता.

आईने डोळे उघडले. "काय बघून राहिलास?"

मी म्हणालो, उद्या लातूरला जाऊ, तिथे चांगल्या डॉक्टरला दाखवू.

"दाखवून आले मी," ती म्हणाली. "लगनाच्या आधीच."

लग्नाचा बस्ता बघायला जाते म्हणून ती एकदा एकटीच बाहेर पडली होती, ते आठवलं. डॉक्टर काय म्हणाले ते तिने भिंतीकडे बघत दोन वाक्यांत सांगितलं, शेजारच्या कुणाचं सांगावं तसं. बोलले असते तर लगीन लांबलं असतं, म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो. नको ते बोललो. मला राग आला नव्हता, मी घाबरलो होतो. तिने मला बोलू दिलं.

"तिला इतक्यात सांगू नगं. नवं घर हाय तिचं." मग म्हणाली, लई वाईट दिसतेत ते माझे फोटो काढून टाक, बाकीचे पाठव.

लग्नाच्या सगळ्याच फोटोंत ती तशी होती. तरी मी निवडले. ती मागच्या रांगेत आहे ते, पदराने हात झाकलाय ते, कुणाच्या तरी खांद्याआड अर्धा चेहरा आहे ते. पाठवून दिले आणि चहा ठेवला.

आधण यायच्या आत फोन वाजला. आता कौतुक ऐकावं लागणार, म्हणून मी आवाज नीट करून उचलला. पलीकडे बहीण होती. फोटोंचं तिने नावसुद्धा काढलं नाही.

"दादा," ती म्हणाली, "आईला फोन दे."