पलीकडच्या काठावरच्या चपला

नवरा आणि नणंद भांडत होते, आणि भावजय स्वयंपाकघरात भांडी न वाजवता ऐकत होती. बहीणभावाच्या भांडणात बायकोने तोंड घातलं की दोघं एक होतात, हे ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती.

नणंदेला सगळे तराफेवाली म्हणत. दोन काठांना बांधलेला, तराफ्याच्या कडीतून ओवलेला जाड दोर हातांनी ओढत ती माणसं नदीपार नेई. पलीकडे दुसरा देश. भाऊ अलीकडच्या चौकीवर पहारेकरी. पुराने पूल नेला, विहिरी नासल्या, आणि खालच्या आळीतली पोरं हगवणीने कोमेजू लागली. भावाची धाकटीही आतल्या खोलीत पडलेली. पलीकडे डॉक्टर औषधं घेऊन खोळंबले होते. सरकार म्हणे, आमचं आम्ही बघू, परक्याने पाऊल टाकायचं नाही. बघायला मात्र कुणी फिरकलं नव्हतं.

तराफेवालीचं म्हणणं, आग लागल्यावर घागर घेऊन धावत आलेल्याला कुणी उंबऱ्यावर अडवतं का? भावाचं म्हणणं, आजोबांच्या वेळी पलीकडचे असेच धान्य वाटायला आले, ते आजोबांचे केस पिकले तरी उठले नाहीत. त्यात खोटं काही नव्हतं. सासूनेही भावजयीला तेच सांगितलं होतं.

"आलेला परत जाईल याची हमी कोण देणार, ताई?" भाऊ शेवटी म्हणाला.

"मी देते. माझ्या तराफ्यावर चपला चढत नाहीत."

हा तिच्या बापापासूनचा नियम. ओल्या फळ्यांवर पाय घसरू नये म्हणून प्रत्येकाने चपला आपल्याच काठावर काढायच्या. संध्याकाळी एखादा जोड उरलेला दिसला की ती त्याचा मालक हुडकून, कान धरून परत पोचवी. ज्याच्या चपला तिकडे, तो इकडे मुक्काम ठोकत नाही, एवढा साधा हिशोब.

आत धाकटी कण्हली. सकाळी चौकीतली भावाची खुर्ची नदीकडे पाठ करून ठेवलेली होती.

डॉक्टर आणि नर्सबाई अनवाणी आले, तापल्या तव्यावर चालल्यासारखे. तेवढ्या काळजीतही भावजयीला हसू फुटलं. पुढच्या खेपेला एक जण बुटांसकट चढला. बगलेत संस्थेचा फलक, गळ्यात कॅमेरा. बूट काही केल्या काढेना. भर नदीत तराफेवालीने दोर सोडला आणि हात कमरेवर ठेवले. "मग तुम्ही मदतीला नाही, ठाण मांडायला आलात," म्हणाली, आणि त्याला आल्या वाटेने परत सोडून आली. नदीकडे पाठ केलेल्या भावाला हे कसं दिसलं कोण जाणे, पण घरी येऊन त्याने ते बायकोला दोनदा सांगितलं.

धाकटी उठून बसली, भुकेने भोकाड पसरलं. ते ऐकून भावजय दाराआड जाऊन रडली.

मग वरून हुकूम आला, दोर कापा. कापायचा भावाने, नाहीतर नोकरी जाणार. तो कोयता घेऊन काठावर आला. मागोमाग धाकटीला कडेवर घेऊन भावजय. दोर म्हणजे नणंदेचं पोट.

"वन्सं, आता तुम्ही खाणार काय?"

"तुझं डोकं. तू आल्यापासून तेच खातेय."

पलीकडे एक जोड अजून दिसत होता. नर्सबाई खालच्या आळीतच होत्या.

"जा, सोडून ये त्यांना," भाऊ म्हणाला. "मी धार लावतो."

कोयता मुळात धारदारच होता. तो दगडावर घासत बसून राहिला.

तराफेवालीने नर्सबाईंना आणलं, बसवलं, रोजच्याच चालीने दोर ओढला. पलीकडे त्यांनी पायांचा चिखल धुतला, चपलांचे पट्टे लावले, तोवर ती थांबली. रिकामा काठ एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. परत येऊन तराफा खुंटीला बांधला, फळ्या पुसल्या, फडकं पिळून वाळत टाकलं.

"आता काप," म्हणाली, आणि अलीकडच्या काठावर काढलेल्या आपल्या चपला पायांत सरकवल्या.