आधुनिकीकरण आणि आईची पाचवारी

'आधुनिकीकरण' हा शब्द आमच्या वस्तीत आला तो गिरणीच्या फाटकावरून. त्याआधी 'आधुनिक' म्हटलं की आम्हांला सगळं चांगलंच वाटायचं. धम्म घेतल्यावर घरातले जुने देव आईबाबांनी आपल्या हाताने नाग नदीत सोडले होते. जुनं सोडलं की माणूस वर येतो, यावर आईचा पक्का विश्वास. ती कापडगिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती आणि बाबा गेल्यापासून आम्हां भावंडांचं पोट तिच्या एकटीच्या कामावर चालायचं.

सत्तर सालानंतर कधीतरी फाटकावर गिरणीच्या आधुनिकीकरणाची सूचना लागली. खात्यातल्या बाया घाबरल्या. आईनेच त्यांची समजूत घातली, की यंत्रं नवी येणार तर आपणही नवं व्हायला पाहिजे. लुगड्याचा घोळ नव्या यंत्रात अडकेल, असं मुकादम सहज बोलून गेला होता. झालं, बायांनी ते मनावरच घेतलं. जन्मभर लुगडं नेसलेल्या त्या बाया सीताबर्डीवरून पाचवारी पातळं घेऊन आल्या आणि आमच्या अंगणात निऱ्या घालायची शाळा भरली. शिकवणारी मी. आईने तर तंबाखूही सोडली. नव्या यंत्रापुढे तोंडात तंबाखू धरून उभं राहणं तिला बरं दिसेना.

यंत्रं आली. ती रात्रंदिवस चालणार होती, रात्रपाळी प्रत्येकाला आळीपाळीने येणार होती आणि कायद्याने बायांना रात्रपाळी बंद. मग तिन्ही पाळ्यांना पुरुष घेतले आणि बायांना घरी बसवलं. यंत्रं मागवतानाच साहेबांना हे ठाऊक असणार, पण बायांना सांगायची तसदी कोण घेतो! शब्दकोशात या शब्दाचा अर्थ 'काळाला अनुरूप करणे' असा दिला आहे. तो वाचला की आजही माझं डोकं फिरतं.

आई मात्र भोंगा झाला की पाचवारी नेसून फाटकाशी जायची. चौकीदार तिला परत पाठवायचा. इकडे घरात चूल पेटायची पंचाईत, धाकट्याची शाळा सुटलेली. शेवटी एका सकाळी मी तिला दारातच धरलं. आता पुरे कर, लोक हसतात, म्हणून रडले. आई उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "रातपाळीबी केली असती वं मी. मले कोनी इचारलंच नाही."