नेलपॉलिशनं अडवलेलं ऑपरेशन

“आँखें रहने दीजिए, ज़रा हाथ दिखाइए,” स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या आणि माझं डोकंच फिरलं. होळीपासून पापण्या लाल होऊन सुजत होत्या, खाजवून खाजवून जीव मेटाकुटीला आला होता, आणि या बाईंना माझे हात बघायचे होते! मी हात टेबलावर जवळजवळ आपटलेच. नखांवर ताजं लाल नेलपॉलिश होतं.

“ये कब लगाया?”

“रविवारी.”

“और सूजन?”

मंगळवारी, नेहमीप्रमाणे. त्यांनी माझ्या लाल नखावर बोट टेकवलं. “मुझे इसी पर शक है,” त्या म्हणाल्या.

तुम्हाला हसू येत असेल. मलाही आलं असतं, पण या पापण्यांपायी माझ्या भावाचं ऑपरेशन अडलं होतं.

नंदू माझा धाकटा भाऊ, इथेच इंदूरला छत्रीबागेत राहतो. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं, म्हणजे मशीननं रक्त शुद्ध करायचं. माझा रक्तगट जुळला, बाकी तपासण्याही जुळल्या. मी शाळेत गणित शिकवते, तब्येत ठणठणीत. म्हटलं, देऊन टाकते एक किडनी. तारीख ठरायची तेवढी बाकी होती, आणि नेमक्या पापण्या सुजल्या.

किडनीचे डॉक्टर म्हणाले, पापण्यांवर सूज येणं हे किडनी बिघडल्याचंही लक्षण असू शकतं. झालं! लघवी तपासा, रक्त तपासा, सोनोग्राफी करा. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग घ्या की किडनी! तर नाही. “मॅडम, आप मरीज़ नहीं हैं, तंदुरुस्त हैं. तंदुरुस्त आदमी को हाथ लगाने से पहले हमें पूरी तसल्ली चाहिए.” माणूस बरोबर बोलत होता, म्हणून तर भांडताही येईना.

मग थायरॉइड झालं. मग डोळ्यांचे डॉक्टर झाले, त्यांनी ड्रॉप्स दिले. मग राजेंद्र नगरातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी स्टेरॉइड क्रीम दिलं, म्हणजे सूज उतरवणारं जोरकस औषध. लावलं की चार दिवस उतरायची, सोडलं की दुपटीनं यायची. असं क्रीम पापण्यांवर मनानं लावत राहू नका. तिथली कातडी पातळ होते आणि डोळ्यातला दाबही वाढू शकतो. हे मला फार उशिरा कळलं.

सल्ले देणाऱ्यांना तर उधाण आलं होतं. शेजारच्या आंटीजी म्हणाल्या, नजर लगी है. वहिनींनी वांगं बंद करायला सांगितलं. आमचे हे म्हणाले, “तू टेन्शन घेतेस ना, म्हणून होतं.” टेन्शन कोण देतंय ते कोणी बोलेना. नंदू मात्र डायलिसिसच्या पलंगावरून म्हणाला, “ताई, तुझ्या किडनीचे नखरे तुझ्यासारखेच हं.” मी हसले आणि बाहेर येऊन रडले.

या काळात मी तोंडाला लागणारं सगळं सोडलं. काजळ, पावडर, क्रीम, साबणसुद्धा. शाळेत मुली विचारायच्या, “मॅम, बीमार हो?” नेलपॉलिश तेवढं सोडलं नाही, कारण नखं काय तोंडावर असतात? उलट हॉस्पिटलात जायचं म्हणून मी मुद्दाम रविवारी नवा कोट लावायचे. तोंड तर बघवत नव्हतं, निदान हात तरी माणसात दिसावेत! त्यामुळे प्रत्येक तपासणीला पापण्या अगदी टम्म सुजलेल्या असायच्या आणि डॉक्टर पुन्हा फाइल बाजूला ठेवायचे. आता सांगताना मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

स्किनच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. नेलपॉलिश वाळून नखावर जो चिवट, चकचकीत पापुद्रा बसतो, तो बनवायला ‘फिल्म फॉर्मर’ नावाचा कृत्रिम पदार्थ घालतात. माझ्या बाटलीत होतं टोसिलामाइड फॉर्मल्डिहाइड रेझिन. बहुतेकांना त्याचं काही होत नाही. काही जणांचं शरीर मात्र त्याच्याशी वैर धरतं आणि ते वैर सहसा जन्मभर सुटत नाही. बोटांची कातडी जाड, ती सहन करते. पापणीची सगळ्यात पातळ, आणि आपण दिवसभर डोळ्यांना हात लावत असतो. नेलपॉलिश ओलं असेल तर त्रास जास्त, आणि सूज दिसते ती एक-दोन दिवसांनी.

खात्रीसाठी पॅच टेस्ट केली. संशयित पदार्थांचे ठिपके पट्टीनं पाठीवर चिकटवतात आणि कुठे लाल होतं ते बघतात. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. इंदूरमध्ये, मे महिन्यात, घाम येऊ द्यायचा नाही म्हणे! मी कूलरसमोर पाठ करून बसले आणि घरातल्या प्रत्येकावर खेकसले. पट्ट्या काढल्यावर तो एकच ठिपका लाल आणि फुगलेला निघाला.

बाटली घेऊन दुकानदाराकडे गेले, तर तो म्हणतो, “भाभीजी, ये तो सबको सूट करती है.” सगळ्यांना करत असेल रे भिया, मला नाही करत. तुमच्या पापण्या सारख्या सुजत असतील तर डॉक्टरांना हातांना, केसांना काय लावता तेही सांगा. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. महाग म्हणजे निर्धोक, असं काही नसतं. आणि जेल पॉलिशमध्ये वेगळी रसायनं असतात, त्यांचीही ॲलर्जी होऊ शकते.

नेलपॉलिश सुटलं तरी पापण्या पूर्ण निवळायला कित्येक आठवडे गेले. तेवढ्यात नंदूला डायलिसिसच्या नळीतून इन्फेक्शन झालं, तापानं फणफणला. त्या दिवसांत मी फार घाबरले. माझा भाऊ एका नेलपॉलिशच्या बाटलीपायी जाणार की काय, हाच विचार डोक्यात. देवाजवळ बसले तरी प्रार्थना सुचेना, नुसता राग यायचा. ताप उतरला, माझी फाइल पास झाली आणि दिवाळीआधी ऑपरेशन झालं. त्या स्किनच्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. इतक्या जणांत माझे हात बघणाऱ्या त्या एकट्याच.

काही दिवसांनी मला त्याच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊ दिलं. किडनी गेलेल्याला पाणीसुद्धा मोजून मिळतं. नंदू कित्येक महिने घोट घोट पुरवत होता. आता डॉक्टरांनीच त्याला भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. नर्सनं भरलेला ग्लास दिला, तो त्यानं मास्क खाली करून एका दमात संपवला.

“हळू पी रे, ठसका लागेल,” मी दारातूनच ओरडले.

त्यानं माझं काही ऐकलं नाही. डोळे पुसले आणि रिकामा ग्लास पुन्हा नर्सपुढे धरला.