मधली दहा वचनं

गुरुवारी सकाळी साडेसातला आमच्या घरात नेहमीची धांदल चालू होती. कुकरची तिसरी शिट्टी झाली होती. ह्यांना एकच मोजा सापडला होता आणि दुसरा मीच कुठेतरी दडवलाय अशा नजरेने ते माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल चांगली चालू असताना थाप मारणारं माणूस आमच्याकडे एकच येतं.

"सत्तूरताई आल्या," हे म्हणाले, आणि एका पायात मोजा घालून आतल्या खोलीत सटकले.

सत्तूरताई म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतली मटणवाली. बाजाराच्या कोपऱ्यावरचं दुकान तिच्या वडिलांचं. मटण तोडायचा सत्तूर तिने बाराव्या वर्षी हातात घेतला तो आजवर खाली ठेवलेला नाही. सांध्यावर एकच घाव घालते, दुसऱ्यांदा उचलावा लागत नाही. अंगाने आडवी, आवाज खणखणीत, आणि रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायला उभी राहिली की मागच्या बाकावर पेंगणारी म्हातारी माणसंही ताठ बसतात.

ती स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली. अंगावर दुकानातला एप्रन तसाच. मी चहा ठेवला. तिने बाही वर सारून डावा हात ओट्यावर टेकवला. त्या हाताची दोन बोटं नाहीत, ते मला नवीन नव्हतं. मनगट मात्र काळंनिळं झालं होतं. चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे वळ मोजता येतील इतके स्पष्ट.

"कधी?" मी विचारलं.

"परवा. समोर गिऱ्हाईक उभं होतं. आधी हात जोडले नवऱ्याने, सगळ्यांदेखत माफी मागितली. एक बाई तर पदराने डोळे पुसायला लागली. मग काउंटरच्या खालून मनगट धरलं आणि कानाशी येऊन म्हणाला, रविवारी वाचून झालं की गुपचूप माझ्याशेजारी येऊन बसायचं. चर्चच्या पाळकांशी बोलून झालंय माझं."

"मग?"

"त्याचा दुसरा हात ठोकळ्यावर होता. मी सत्तूर आपटला. त्याच्या अंगठ्यापासून बोटभर लांब रुतला." तिने बशीत चहा ओतून फुंकर मारली. "नेम चुकला असं समजू नका, वहिनी. बोटभर म्हणजे बोटभरच ठेवायचं होतं."

"पोलिसांत जायला हवं."

"जाऊन आले. लिहून घेतलंय त्यांनी. त्यासाठी नाही आले मी."

तिच्या नवऱ्याला मी वीस वर्षं ओळखते. गोड बोलणारा, केस चापून बसवलेला, कोणाच्या घरी आजारपण असलं की पहिला हजर. दुकानाचं शटर खाली ओढलं की तोच माणूस तिला मारायचा. कधी हाताने, कधी साखळीने. एका रविवारी सकाळी त्याने काट्यातलं अर्ध्या किलोचं वजन तिच्या तोंडावर फेकून मारलं. समोरचे दोन दात गेले. ती तशीच तोंडाला रुमाल लावून उपासनेला आली, कारण त्या दिवशी वाचायची पाळी तिची होती. मी तिला मागच्या खोलीत नेलं, मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला लावल्या आणि म्हटलं, "आज तू बस, मी वाचते." मी वाचलं. सगळ्यांनी रुमाल पाहिला होता. बाहेर पडताना कोणी विचारलं नाही, मीही कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी मला वाटलं होतं, मी तिची लाज राखली.

पुढे तीन वर्षांनी त्याने तिचा हात ठोकळ्यावर दाबून धरला आणि तिचाच सत्तूर तिच्यावर चालवला. कारण काय, तर ती रविवारचं वाचन पुटपुटत होती आणि त्याच्या हाकेला ओ द्यायला उशीर झाला. तिने दोन्ही बोटं स्वतः उचलून कागदात गुंडाळली, बर्फात ठेवली आणि दवाखान्यात चालत गेली. बोटं जुळली नाहीत. तो तीन वर्षं आत होता. दोन महिन्यांपूर्वी सुटला आणि तेव्हापासून दर रविवारी तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसतो. येत्या रविवारी पाळक त्याला पुढे बोलावणार आहेत, मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करणार आहे. आणि त्याच रविवारी स्तोत्र वाचायची पाळी सत्तूरताईची आहे. ती पाळी मी सहा महिन्यांपूर्वी लावली, तेव्हा हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

वाचकांच्या पाळ्या लावणं आणि उपासनेचं छापील पान तयार करणं ही दोन कामं माझ्याकडे आहेत. कुठल्या रविवारी बायबलमधलं काय वाचायचं ते आम्ही ठरवत नाही, त्याचा तयार तक्ता येतो. जुना करार, स्तोत्र, पत्र, शुभवर्तमान. बाकीचे आम्ही शनिवारी रात्री एकदा नजर फिरवतो. सत्तूरताई सोमवारपासून वाचते, दुपारी दुकान रिकामं असताना, ठोकळा धुऊन त्यावर कागद पसरून. गुरुवारच्या अभ्यासवर्गात एकदा जुन्या करारातले पशुयज्ञाचे नियम चालले होते आणि आम्ही सगळ्या कंटाळून गेलो होतो, तेव्हा ती म्हणाली होती, "हे लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने चरबी सोडवलेली आहे बरं का. ऐकून नाही लिहिलेलं." त्यानंतर तासभर कोणी जांभई दिली नाही.

आज तिने पिशवीतून बायबल काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"तक्त्यात बघा. स्तोत्राची पहिली बारा वचनं, मग एकदम शेवटची दोन. मधली दहा गाळली."

"लांब होतं म्हणून गाळतात."

"लांब होतं म्हणून गाळलं असतं तर ती सहा सुंदर वचनं कशाला गेली असती? आईच्या पोटात देवाने विणलं वगैरे. पुढची चार काढायची म्हणून त्यांचाही बळी गेला." तिने करंगळी त्या ओळींवर ठेवली. "इथे हा माणूस चिडतो. दुष्टांना मारून टाक म्हणतो देवाला. रक्तपाती माणसांनो, माझ्यापासून दूर व्हा म्हणतो."

कालच पाळकांचा फोन आला होता. माणूस सरळ आहे, कपट नाही त्यांच्यात. म्हणाले, "ताईंना या आठवड्यात विश्रांती द्या. त्यांनाच त्रास नको." मी "बघते" म्हटलं होतं. माझ्या डोक्यात दुसऱ्या वाचकाचं नावही येऊन गेलं होतं.

"खरं सांगू का वहिनी," ती म्हणाली, "सुरुवातीची बारा वचनं तुम्हाला गोड वाटत असतील. मी बसते ते तुला ठाऊक, उठते ते तुला ठाऊक, पळून जाऊ कुठे. मला ते वाचताना देव आठवत नाही. नवरा आठवतो. अंधारात लपले तरी त्याला दिसायचं. सोमवारी ते वाचताना मला दरदरून घाम फुटला, सुरी खाली ठेवली मी. मग त्या चार वचनांशी पोचले आणि म्हटलं, अरे, हा तर माझ्यासारखाच आहे. ह्यालाही कोणीतरी धरून मारलेलं आहे. तेव्हा कुठे देव देवासारखा दिसला."

"आणि शेवटची दोन?"

"शेवटी म्हणतो, आता माझं मन तपास, माझ्यात काही वाईट असेल तर बघ. पण राग आधी बाहेर काढला तर देव तो तपासणार ना. रागच गाळला तर तपासायला उरलं काय? नुसतं इस्त्रीचं मन?" ती हसली. समोरचे दोन दात अजून बसवलेले नाहीत तिने. "परवा सत्तूर आपटला तेव्हा बोटभर अंतर मीच ठेवलं, खरंय. पण ते ठेवायला किती जोर लागला ते मलाच माहीत. तो जोर दर वेळी मिळेल याची खात्री नाही मला. म्हणून ते तोंडाने बोलायचंय, त्याच्यासमोर, सगळ्यांसमोर. हाताने नको."

"पाळकांनी तुला विश्रांती घ्यायला सांगितली?"

"सांगितली. मी म्हटलं, बोटं गेली तेव्हा सहा आठवडे घेतली होती, तेवढी पुरे."

ह्यांना दुसरा मोजा सापडला असावा, कारण बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला. ती उठली. एप्रनची गाठ तिने एका हाताने आणि तीन बोटांनी आवळली, मला हात लावू दिला नाही. दुकान उघडायची वेळ झाली होती. बायबल पिशवीत घालता घालता ती थांबली.

"माझी पाळी बदलू नका," ती म्हणाली. "आणि रविवारच्या पानावर ती मधली दहा वचनं छापा."