वारसाची सही

"घरात काही झालं तर नाही ना, ताई?"

गिऱ्हाईक जिन्याच्या पहिल्याच पायरीवर थांबलं होतं. बँकेतला माणूस, सोबत बायको. खालच्या खोल्या, मागची बोअर, पुढची मोकळी जागा, सगळं त्यांना पसंत पडलं होतं. मी खरं ते सांगितलं. घरमालकांनी वरच्या मागच्या खोलीत स्वतःच जीव दिला, चार-पाच महिने झाले. बाईंनी पायरीवरचा पाय खाली घेतला. बाहेर त्यांची स्कूटर लवकर सुरू होईना. तेवढा वेळ आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता फाटकाशी उभे राहिलो.

यवतमाळात घरं आणि प्लॉटच्या दलालीत माझं निम्मं आयुष्य गेलं. त्याआधी मी रजिस्ट्री ऑफिससमोर टायपिंग करायचे. लोकांची खरेदीखतं टाइप करता करता धंदा समजला. आधीची गिऱ्हाइकं विचारायची, पाणी किती फुटांवर लागलं, दार पूर्वेला आहे का. कापसाच्या त्या वाईट वर्षांत पहिला प्रश्न हाच असायचा, काही झालं तर नाही ना. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा रोज पेपरात यायचं, आणि ते कशासाठी यायचं हे लहान पोरांनाही माहीत होतं.

हे घर मात्र शेतकऱ्याचं नव्हतं. घरमालकीण शोभाताई. त्यांच्या यजमानांचं कृषी केंद्र होतं, म्हणजे बियाणं, खत आणि फवारणीच्या औषधाचं दुकान. शेतात पिकलं नाही तर दुकानात काय पिकणार? गृहस्थ कुणाच्या दारात उधारीच्या वसुलीला गेले नाहीत आणि कंपन्यांची माणसं त्यांच्या दारातून हलली नाहीत. एवढीच ती गोष्ट.

आता विकायचं घर दलालाला कळतं कसं, ते सांगते. पुण्या-मुंबईकडे याला लिस्टिंग म्हणतात. आम्ही म्हणायचो, घर हातात आलं. घरं हातात येण्याच्या जागा तीन: लग्न, बदली आणि तेरवी. लग्नात कळतं कोणाला पैसा लागणार. बदलीत कळतं कोण गाव सोडणार. आणि तेरवीच्या पंगतीत जावई, दीर, भाऊ सगळे एकत्र सापडतात, म्हणून बुंदीचा घास घेता घेता दलाल हळूच विचारतो, "मग घराचं काय ठरवलं?" माझा नियम होता, महिना झाल्याशिवाय त्या दारात पाय ठेवायचा नाही. नियम चांगला होता, धंद्याला वाईट होता.

शोभाताईंकडे तेरवीलाच मोहोड नावाच्या दलालानं दिराच्या कानात घर विकायचं घातलं होतं. आठवड्यात त्यानं एक गिऱ्हाईकही आणलं, निम्म्या भावाचं. अशा घराला एवढेच येतात, म्हणाला. शोभाताईंनी नाही म्हटलं. पण आमच्या बाजारात रिवाज असा, की पहिलं गिऱ्हाईक ज्यानं आणलं, त्याचा कमिशनमध्ये वाटा राहतो, पुढं सौदा कोणीही करो. लेखी काही नसतं. एकेक घर चार-चार दलालांकडे असतं आणि सगळं तोंडी चालतं. कमिशन आम्ही दोन्हीकडून घेतो, विकणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून, तेही रजिस्ट्री झाल्यावर. तोवर चपला झिजतात त्या आपल्या.

महिन्यानंतर शोभाताईंनी मला बोलावून घेतलं. माझं नाव फार मोठं होतं असं नाही. गावातल्या दलालांत बाई मी एकटी होते, एवढंच.

"पुरुषांना त्या खोलीत घेऊन जाणं माझ्याच्यानं होत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही न्या. मी शेजारी बसते."

घर विकून देणेकऱ्यांना मोकळं करायचं आणि नागपूरला मुलीजवळ खोली घेऊन राहायचं, हे त्यांचं ठरलं होतं. मुलगी, केतकी, तिथं नर्सिंगला होती, होस्टेलवर. आणि त्यांची एक अट होती. बाबांना अटॅक आला, एवढंच केतकीला सांगितलं होतं. नातेवाइकांनी तिच्यासमोर तोंड शिवून घेतलं होतं. तेव्हा गिऱ्हाइकांना मीही अटॅकच सांगायचं. सगळ्या गावानं हे कसं सांभाळलं, देव जाणे.

मी म्हटलं, ताई, हे मला जमणार नाही. गिऱ्हाईक इसाराचे पैसे देऊन पानठेल्यावर जाईल, तिथं त्याला कळेल, मग तो इसार परत मागायला येऊन दारात भांडेल, आणि तो आवाज नागपूरपर्यंत जाईल. त्यापेक्षा मी आधीच सांगते, हळू आवाजात, तुम्ही घरात नसताना. घरच्यांसमोर हा विषय काढायचा नाही, असा शब्दही घेते. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग हो म्हणाल्या.

पुढचे कित्येक महिने हेच चाललं. मी गिऱ्हाईक आणायचे, शोभाताई शेजारी जाऊन तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या, गिऱ्हाईक जिन्यापर्यंत यायचं आणि परत जायचं. त्या विचारायच्यासुद्धा नाहीत. माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि शेंगा घेऊन घरी यायच्या. मला त्यांच्या दारात जायची भीती वाटू लागली होती.

मग राठोड आले. बाभुळगावकडच्या तांड्यातले. शेत धरणात गेलं होतं, मोबदला हातात होता, आणि नातवंडांच्या शाळेसाठी यवतमाळात घर पाहिजे होतं. सोबत त्यांची म्हातारी आई, सगळे तिला याडी म्हणत. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. जिन्याशी आल्यावर त्यांनी विचारायची वाटसुद्धा मी पाहिली नाही. पाठ झालेलं सगळं बोलून टाकलं.

"मालूम हाय, ताई," राठोड म्हणाले. "बियाणं त्याईच्याच दुकानातून नेत होतो मी. भला माणूस होता."

म्हातारी थांबली नाही. भिंतीला हात लावत वर गेली. मागच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली, चारही बाजूंना बघितलं, लेकाशी त्यांच्या बोलीत काही बोलली. मग माझ्याकडे वळली.

"बाई, आमच्या तांड्यात असे दोन घरं हायत. एक माह्या दिराचंच हाय. लोक राह्यतेच ना त्याईत. सोडून जातीन कुठी?" आणि जरा थांबून म्हणाली, "खिडकी काहून बंद ठेवली? खोलीले हवा पाहिजे."

तिनंच खिडकी उघडली. मी जिन्यात येऊन डोळ्यांना पदर लावला. दलालानं गिऱ्हाइकासमोर रडू नये, भाव पडतो. राठोडांनी भाव पाडला नाही. वाजवी बोलले आणि दुसऱ्या दिवशी इसार आणून दिला.

रजिस्ट्रीला एक गोष्ट लागते, ती लोकांना ठाऊक नसते. माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर घर एकट्या बायकोचं होत नाही, मुलांचंही होतं. सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. म्हणजे केतकीला यावं लागणार होतं. मी राठोडांना आणि याडीला दोनदा बजावलं, पोरीसमोर शब्द काढू नका.

केतकी सकाळच्या एसटीनं आली. बारीक अंगाची, शांत पोरगी. रजिस्ट्री ऑफिसात तिची सही आधी झाली. आईचा फोटो आणि अंगठा आत चालला होता, तेव्हा ती बाहेर बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली.

"काकू, तुम्ही गिऱ्हाइकांना खरं सांगत होत्या ना?"

मी आतल्या दाराकडे बघितलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "बाबा गेले त्याच महिन्यात होस्टेलवर एका दलालाचा फोन आला होता. तुम्ही वारस आहात, तुमचीही सही लागेल म्हणे. अशा घराला गिऱ्हाईक मिळत नाही, मिळेल त्या भावात काढा, आईला समजवा. मी विचारलं, अशा म्हणजे कशा? त्याला वाटलं मला माहीतच असेल. त्यानं सांगून टाकलं."

वॉर्डनच्या टेबलाशी उभी राहून, मागे फोनसाठी मुलींची रांग असताना, त्या पोरीनं बापाचं मरण ऐकलं होतं. एका दलालाकडून, माझ्याच धंद्यातल्या माणसाकडून. मला लाज वाटली आणि मी तिचा हात धरला.

"आईला सांगू नका," ती म्हणाली. "मला काही माहीत नाही, एवढ्यावरच ती उभी आहे."

फोन कुणाचा होता, हे विचारायची गरज नव्हती. तो ऑफिसच्या फाटकाजवळच उभा होता. सौदा होतोय हे मोहोडला कळलं होतं आणि पहिल्या गिऱ्हाइकाचा वाटा घ्यायला तो आला होता. मनात आलं, चारचौघांत त्याच्या कानाखाली वाजवावी. पण मी वाटा नाकारला असता तर त्यानं तिथंच भांडण काढलं असतं, आणि अशा घराचा सौदा, अशा घराचा सौदा, असं ओरडत राहिला असता. शोभाताई आतून बाहेर येतच होत्या. मी माझ्या येणाऱ्या कमिशनमधला त्याचा वाटा पर्समधून काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो खिशात घातला आणि शोभाताईंना वाकून नमस्कार केला. सुटलात ताई, म्हणाला.

ऑटोकडे जाताना शोभाताई लेकीला म्हणाल्या, "चांगला माणूस आहे तो. तेरवीला पण आलता."

"हो का," केतकी म्हणाली आणि तिनं आईच्या हातातली पिशवी घेतली.

त्यानंतर मी धंद्यात एकच बदल केला. वारसांना पहिला फोन मी करत नाही. तुमची सही लागेल, हे मुलांना त्यांच्या आईनं किंवा बापानं सांगावं, मग मी बोलते. तोवर दुसरे दलाल फोन करून मोकळे होतात आणि घर माझ्या हातातून जातं. गेलेत असे सौदे बरेच.